मथुराबाईंचं भाषांतर

"मावशी, थांबा," पंजाबराव म्हणाले, "भिंतीवर तसं नाही."

मथुराबाई थांबल्या. मारेगावच्या त्या छोट्या चर्चमध्ये 'देव माझा मेंढपाळ' हे मेंढपाळाचं स्तोत्र म्हणताना त्यांना आजवर कोणी थांबवलं नव्हतं. पाळकांनीही नाही. पाळकसाहेब तीन गावं सांभाळायचे आणि त्यांची मोटरसायकल इथे दर रविवारी पोचेलच असं नसायचं. पण स्तोत्र दर रविवारी व्हायचं, आणि ते मथुराबाईच सांगायच्या. अर्धी ओळ त्या म्हणायच्या, उरलेली मंडळी म्हणायची. पुस्तक कोणी उघडत नसे. मथुराबाईंना वाचता येत नव्हतं आणि बाकीच्यांना त्यांच्यामुळे वाचायची गरज पडली नव्हती.

आता मात्र समोरच्या भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला होता आणि त्यात ते स्तोत्र ठळक अक्षरांत आलं होतं. नागपूरच्या मध्यवर्ती समितीनं दर चर्चला एक प्रोजेक्टर आणि एक लॅपटॉप दिला होता. त्यात गाणी होती, शास्त्रपाठ होते, आणि एकाच शास्त्राची पाच-सहा भाषांतरं होती. हवं ते निवडायचं, भिंतीवर पाडायचं आणि सगळ्यांनी मिळून वाचायचं, अशी ती सोय. या सोयीमुळे मंडळीत एकजूट वाढेल, असं समितीचं म्हणणं होतं.

"काय नाही तसं?" मथुराबाईंनी विचारलं.

"तुमी म्हनून राह्यल्या, माही ओटी भरून सांडून राह्यली. इथी भिंतीवर प्याला हाये." पंजाबरावांनी बोट दाखवलं. "पुढच्या बाकावरचे प्याला म्हनून राह्यले, चटईवरच्या बाया ओटी म्हनून राह्यल्या. काही मेळच नाही."

मथुराबाईंनी भिंतीकडे पाहिलं. त्यांना तिथे नुसत्या मुंग्या दिसत होत्या, पण त्यांनी पाहिलं मात्र नीट, वरपासून खालपर्यंत.

"मंग भिंत चुकली असन," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

पुढच्या बाकावरची दोन-चार पोरं हसली. तेवढं हसू मथुराबाईंच्या जिव्हारी लागलं. हे स्तोत्र त्यांना आईनं दिलं होतं, कापूस वेचता वेचता. वेचणीला जाताना बाया कमरेला फडकं खोचतात, त्याची झोळी होते, ती ओटी. ती भरली की बाई सुखी. आईनं पुस्तकातला प्याला काढून तिथे ओटी घातली होती, आणि का घातली होती ते सांगायलाही ती लाजली नव्हती.

"देवाच्या घरात प्याल्याचं काय काम?" उपासना संपल्यावर मथुराबाईंनी पंजाबरावांना दारातच गाठलं. "माह्या बापाचा प्याला भरून वाह्यला, माह्या नवऱ्याचाबी वाह्यला. त्याचे उपकार मानू काय मी?"

"मावशी, तो प्याला येगळा हाये."

"सारे असंच म्हनतात."

पंजाबराव हे मंडळीचे सेक्रेटरी आणि सेवानिवृत्त ग्रामसेवक. ठराव झाल्याशिवाय ते घरातली खाटसुद्धा हलवत नसत. त्यांनी लहानपणी ते स्तोत्र मथुराबाईंच्याच तोंडून पाठ केलं होतं, आणि ही गोष्ट त्यांना अडचणीची वाटत होती. त्यांनी पुढच्याच रविवारी निंबाखाली सभा बोलावली. विषय एकच होता, भिंतीवर कोणतं भाषांतर पाडायचं.

आजवर हा प्रश्नच नव्हता, म्हणून भांडणही नव्हतं. प्रश्न विचारल्याबरोबर मंडळीत किती पक्ष आहेत ते कळलं. तरुणांना नवं, सोपं भाषांतर हवं होतं. म्हाताऱ्यांना जुनं हवं होतं, कारण त्यातलं कळत नसलं तरी ते भारदस्त होतं. सरकारी दवाखान्यातल्या एल्सी सिस्टर मूळच्या केरळच्या. त्यांना मराठी बोलता येई, वाचता येत नसे, म्हणून त्यांनी इंग्रजी मागितलं. सगळ्यांत शेवटी बंजारा तांड्यावरची रुपीबाई उठली.

"सगळ्याईचं लावता, मंग आमच्या गोरबोलीचं काहून नाही? आमी काय मराठी शिकून देवाले भेटाव?"

"रुपीबाई, त्या लॅपटॉपात गोरबोली नाही."

"नाही तं घाला. माह्या भावानं, गुलाबसिंगनं, लिहून ठेवलं हाये सारं."

पंजाबराव न्यायी माणूस. न्याय म्हणजे प्रत्येकाला थोडं थोडं, अशी त्यांची ग्रामपंचायतीपासूनची समजूत. त्यांनी ठराव केला की चारही भाषांतरं एकाच वेळी भिंतीवर पाडावीत. लॅपटॉप तेवढं करू शकत होता, फक्त भिंत तेवढीच होती. दोन भाषांतरं घातली तेव्हा अक्षरं निम्मी झाली. तिसरं घातल्यावर म्हाताऱ्यांनी चष्मे पुसले. चौथं म्हणून गुलाबसिंगच्या हस्तलिखिताचा फोटो आला तेव्हा कोणालाच काही दिसेना.

मग उकंडा नावाचा एक उत्साही सभासद भिंतीपाशी जाऊन नाक लावून वाचू लागला. तो उजेडात उभा राहिल्यामुळे जुनं मराठी भाषांतर सगळं त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलं. मागच्यांनी ते त्याच्या पाठीवरून वाचायचा प्रयत्न केला. पण उकंडा इंग्रजी सोडून गोरबोलीकडे सरकला की त्यांची ओळ तुटायची.

"उकंडा, हालू नको," म्हातारे ओरडत.

"बस ना खाली," तरुण ओरडत.

दुसऱ्या रविवारी आरोप सुरू झाले. लॅपटॉप चालवायला पंजाबरावांचा पुतण्या बसायचा. त्यानं नव्या मराठीची अक्षरं गुपचूप मोठी केली आणि गोरबोली पार कोपऱ्यात नेली, असं रुपीबाईचं म्हणणं. पुतण्याला उठवून एका म्हाताऱ्याच्या नातवाला बसवलं, तर त्यानं नवं भाषांतरच गाळलं. एल्सी सिस्टरच्या मुलीला बसवलं, तर सगळे म्हणू लागले की आता सगळं इंग्रजीतच होणार. मंडळीत ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे असा एकही माणूस सापडेना. आणि हे प्रेमाचा शास्त्रपाठ चालू असताना.

शेवटी ठराव झाला तो असा, की ज्याला यातलं कोणतंच भाषांतर नको आहे अशा माणसाला बसवावं. असा माणूस गावात एकच होता. बसस्टँडजवळ मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेला इम्तियाज.

"पंजाबभाऊ, मी मुसलमान माणूस," इम्तियाज म्हणाला. "मी तुमच्या चर्चमधी बसून काय करू?"

"तेच तं पायजे. तू कोनाच्याच बाजूचा नाही."

"पन मले त्यातलं काही समजत नाही."

"समजनाऱ्याईनंच वाटोळं केलं, बाबू."

इम्तियाजचा जुम्मा शुक्रवारी असायचा, त्यामुळे रविवारची सकाळ चर्चला द्यायला हरकत नव्हती. तो येऊ लागला. चपला बाहेर काढून, केस विंचरून, मागच्या टेबलाशी बसायचा आणि पंजाबराव सांगतील ते लावायचा. चार भाषांतरं एकदम लावण्याऐवजी त्यानं पाळ्या केल्या. एक रविवार एकाचा. गुलाबसिंगनं लिहिलेलं गोरबोलीचं भाषांतरही त्यानं टाइप करून यादीत घातलं, आणि त्या रविवारी तांड्यावरून इतकी माणसं आली की चटया कमी पडल्या.

एवढा निःपक्षपाती माणूस मिळाल्यावर प्रत्येकाला वाटलं की हा आपल्या बाजूला वळला पाहिजे. आठवडाभर त्याच्या दुकानात लोक येऊ लागले. मोबाइल चांगला असताना दाखवायला आणायचे. कोणी तुरीच्या शेंगा आणल्या, कोणी भरताची वांगी. एल्सी सिस्टरनी केळ्याचे चिप्स आणले. "आपली पाळी जरा लवकर येऊ दे," एवढंच सगळ्यांचं म्हणणं. इम्तियाजची आई शमसुन्निसा वांगी ठेवून घ्यायची आणि पोराला म्हणायची, "ये गिरजेवाले बहोत नेक लोग है, पर तू जरा संभलके रह."

या सगळ्यात मथुराबाईंचं कोणीच विचारत नव्हतं. चारही भाषांतरांत प्यालाच होता. पुढे जाऊन स्तोत्र सांगायचं तर भिंतीवर असेल तेच सांगा, असा ठराव झाला होता. ज्या बाईला वाचता येत नाही तिला भिंतीवरचं सांगा म्हणणं म्हणजे सांगू नका म्हणणंच होतं. पंजाबरावांनाही ते कळत होतं, पण ठराव त्यांनीच लिहिला होता. मथुराबाई चटईवर बसायच्या आणि स्तोत्राची वेळ आली की तोंड घट्ट मिटायच्या. हळूहळू त्यांच्या आजूबाजूच्या बायांनीही तोंडं मिटली. भिंतीवर अक्षरं मोठी होती, पण चर्चमधला आवाज मात्र निम्मा झाला होता.

अशात हंगामाचा सण जवळ आला. या सणाला लोक पहिल्या वेचणीचा कापूस, तूर, ज्वारीची कणसं, कोहळी असं वेदीपुढे आणून ठेवतात आणि मेंढपाळाचं स्तोत्र त्या दिवशी तीनदा होतं. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं तालुक्यात दाणादाण केली होती. बोंडं दिसायला चांगली, पण फोडली की आत काळं. वेचायला काही नव्हतं, म्हणून वेचणाऱ्या बायांना कामही नव्हतं. तरीही सण होणार होता. न करण्याचा ठराव कोणी मांडला नाही.

त्यातच नागपूरहून फोन आला. समितीचे निरीक्षक साहेब सणाला येणार होते. कोणत्या चर्चमध्ये काय पाडतात याच्या तक्रारी त्यांच्याकडे गेल्या होत्या. एकच मान्यताप्राप्त भाषांतर लावायचं, दुसरं काही दिसलं तर प्रोजेक्टर आणि लॅपटॉप परत नेण्यात येईल. पंजाबरावांनी स्तोत्र सांगायला एल्सी सिस्टरना नेमलं, त्यांना मराठी वाचता येत नव्हतं म्हणून ते तोंडपाठ करून घेतलं, आणि मथुराबाईंच्या घरावरून जायचं टाळू लागले.

मथुराबाई मात्र कोणाला टाळणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या सरळ इम्तियाजच्या दुकानात गेल्या.

"माहं लावून दे," त्या म्हणाल्या.

इम्तियाज एका मोबाइलचं पोट उघडून बसला होता. "मावशी, तुमचं यादीत नाही."

"रुपीचं कुठी होतं? टाकलं ना तू?"

"पन तुमचं कोन्या पुस्तकातलं हाये?"

"माह्या मायच्या."

"मावशी, नागपूरवाले येऊन राह्यले. मी कोनाच्याच बाजूचा नाही म्हनून मले ठेवलं हाये तिथी."

"मीबी कोनाच्या बाजूची नाही. म्हनून तं तुह्याकडं आली." मथुराबाई स्टुलावर बसल्या. "हे पाह्य बाबू. माही माय गेली तवा तिनं मले ना भांडं देल्लं, ना लुगडं. एवढंच देल्लं. अन् ते म्हनतात चूक हाये. आता मी मेली की ते कोनालेच माहीत राह्यनार नाही. तू लिहून घे. मंग मले थांबवनारा कोन हाये ते मी पाह्यतो."

इम्तियाजनं मोबाइल बाजूला ठेवला. गेले दोन महिने त्याच्याकडे जो तो भिंतीवर जागा मागायला आला होता, पण मरण डोळ्यांपुढे ठेवून कोणी आलं नव्हतं. त्यानं लॅपटॉप उघडला. मथुराबाई सांगत गेल्या, तो टाइप करत गेला. पुस्तकात देव शत्रूंच्या समोर मेज मांडतो, त्या जागी त्यांच्याकडे पंगत होती, आणि पंगतीत वाढणारा देव स्वतः होता.

"याले नाव काय देऊ?" शेवटी त्यानं विचारलं. "यादीत नाव लागते."

"माहंच दे. चुकलं तं मलेच विचारतीन."

सणाच्या दिवशी निरीक्षक साहेब जीप घेऊन आले. चर्चच्या दाराला झेंडूची तोरणं होती आणि वेदीपुढे तुरीच्या पेंढ्या, कोहळी, एक कोंबडा आणि अगदी थोडा, एका टोपल्यात मावेल एवढा कापूस होता. साहेब पहिल्या बाकावर बसले. भिंतीवर मान्यताप्राप्त भाषांतर पडलं आणि पंजाबरावांनी एल्सी सिस्टरना पुढे बोलावलं.

एल्सी सिस्टर उठल्या, चार पावलं चालल्या आणि मध्येच थांबल्या, कारण चटईवरून मथुराबाईही उठल्या होत्या. दोघी समोरासमोर आल्या. एल्सी सिस्टरनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा मथुराबाईंकडे, आणि शांतपणे परत जाऊन बसल्या.

मथुराबाई पुढे उभ्या राहिल्या. इम्तियाजनं एक बटण दाबलं. भिंतीवरची अक्षरं गेली, दुसरी आली, आणि वर कोपऱ्यात भाषांतराचं नाव आलं. वाचता येणाऱ्यांनी ते वाचलं आणि न येणाऱ्यांना कानात सांगितलं. चटईवर चुळबुळ झाली. मग मथुराबाईंनी पहिली अर्धी ओळ म्हटली आणि उरलेली ओळ सगळ्या मंडळीनं उचलली. भिंतीवर आणि तोंडात एकच होतं. तांड्यावरची माणसं, बाकावरची पोरं, म्हातारे, सगळे एका आवाजात. कौलांवरची चिमणी उडून गेली. पंजाबरावांना तोंड बंद ठेवणं जमलं नाही. लहानपणी पाठ झालेलं त्यांच्या ओठांवर आपोआप आलं, आणि आलं तसं त्यांनी ते मोठ्यानं म्हटलं.

आणि ओटीच्या ओळीवर येऊन मथुराबाई गप्प झाल्या.

सगळे वाट पाहत राहिले. भिंतीवर ठळक अक्षरांत ओटी भरून सांडत होती. समोर चटईवर ज्या बाया बसल्या होत्या त्यांच्यापैकी एकीच्याही ओटीत त्या वर्षी पसाभर कापूस आला नव्हता.

"मावशी," पंजाबराव हळूच म्हणाले, "आता तं भिंतीवर तुमचंच हाये. म्हना ना."

"माहं हाये म्हनूनच नाही म्हनवत," मथुराबाई म्हणाल्या. "देवाच्या तोंडावर खोटं बोलू काय? इम्तियाज, हे पुस."

इम्तियाजनं पुसलं. भिंतीवर एका ओळीची जागा रिकामी झाली.

"आता लिही. औंदा माही ओटी रिकामी हाये, देवा. मी इथून हालत नाही. पाह्य अन् भरून दे."

तो टाइप करू लागला. अक्षरं भिंतीवर एकेक करून उमटत होती आणि मंडळी त्यांच्या मागे मागे वाचत होती, अगदी शाळेत पहिल्या इयत्तेत वाचतात तशी. ओळ पूर्ण झाली तेव्हा ती सगळ्यांनी पुन्हा एकदा, आता सलग म्हटली. सांगायला कोणी उरलं नव्हतं, सगळेच म्हणत होते. रुपीबाई रडत होती आणि रडता रडता सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती.

निरीक्षक साहेब उभे राहिले. "हे कोणतं भाषांतर आहे?" त्यांनी विचारलं. "सेक्रेटरी, हे कोणी मान्य केलं?"

पंजाबरावांनी आयुष्यात वरिष्ठांना उलट उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी खिशात ठरावाचा कागद चाचपला आणि तिथेच ठेवला.

"आमीच केलं, साहेब," ते म्हणाले. "आत्ताच केलं. तुमच्यासमोर."

साहेबांनी त्याच दुपारी प्रोजेक्टर आणि लॅपटॉप जीपमध्ये घातला. मंडळीनं त्यांना अडवलं नाही. उलट उकंडानं वायरी नीट गुंडाळून दिल्या, बायांनी जीपमध्ये एक मोठं कोहळं आणि तुरीच्या शेंगांची पिशवी ठेवली, आणि मथुराबाईंनी साहेबांना नीट जा म्हणून सांगितलं. पुढच्या रविवारी भिंत पांढरी होती आणि स्तोत्र तोंडी झालं. पंजाबरावांना सुरुवातीला चुकल्यासारखं वाटलं. मग त्यांनी ठरावांची वही घरीच ठेवायला सुरुवात केली.

महिन्याभरानं इम्तियाजच्या दुकानात नागपूरहून फोन आला. निरीक्षक साहेबच होते आणि त्यांचा आवाज फार बरा नव्हता.

"अरे, तो लॅपटॉप आम्ही इथल्या मोठ्या चर्चला दिला," ते म्हणाले. "त्यात ते स्तोत्र काढलं की पहिलं तेच येतं. मागच्या रविवारी माझ्याच उपासनेत आलं. ते पुसायचं कसं? काही केल्या पुसलं जात नाही."

"पुसता येते, साहेब. मी त्याले कुलूप लावलं होतं. ज्याचं त्याचं भाषांतर दुसरा पुसन म्हनून." इम्तियाजनं फोन कानापासून जरा दूर धरला. मथुराबाई समोरच्याच स्टुलावर रिचार्जसाठी बसल्या होत्या. "पन ज्याईचं हाये त्याईले विचारावं लागन. मी कोनाच्या बाजूचा नाही. फोन देऊ काय?"

साहेब नको म्हणायच्या आत मथुराबाईंनी फोन घेतला होता.

"नमस्कार साहेब. बरे हा ना? कोहळ्याची भाजी केली की नाही बाईनं?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "मले एवढंच सांगा, भिंतीवर आलं ते तुमच्या लोकाईनं वाचलं काय?"



"वाचलं," साहेब म्हणाले. "भिंतीवर येईल ते आमचे लोक वाचतात."

"टायवाले, गाडीवाले, सारे?"

"सारे."

"मोठ्यानं?"

"हो. त्यांना म्हणे आवडलं. दुसऱ्यांदा म्हणायला लावलं त्यांनी."

मथुराबाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि विचार केला.

"मंग अजून राहू द्या, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमचेबी लोक म्हनू द्या. इकडं अजून एकीचीबी ओटी भरली नाही."